सव्वासातची सभा

केतकीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरत होते. इथे अ‍ॅरिझोनात, चँडलरला, सकाळी आठलाच ऊन डोळ्यांवर येतं, स्क्रीनवरचं नाव काही दिसलं नाही, म्हणून कामाचाच फोन समजून मी जरा तोऱ्यातच “वृंदा हिअर” म्हटलं. पलीकडून केतकी म्हणाली, “ताई, बाबा गेला... इन हिज स्लीप. मी अ‍ॅशबर्नहून निघालेय, एअरपोर्टवर आहे. आई इज ओके. शी इज मेकिंग टी फॉर एव्हरीवन.” केतकी ही माझी मामेबहीण, आणि तिचा बाबा म्हणजे माझा मोरूमामा, आईचा धाकटा भाऊ, टेक्सासमध्ये पन्नास वर्षं काढलेला आणि तरी शेवटपर्यंत नागपूरचा. ब्याऐंशी पूर्ण झाली होती. दुखणं नाही, खुपणं नाही. अशा मरणाला लोक भाग्याचं म्हणतात, आणि ते असेलही, पण गाडीच्या दाराला टेकून उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त एक न उचललेला फोन होता.

त्याच्या चारच दिवस आधी, रविवारी सकाळी, मामाने फोन केला होता. “वृंदे, आठ दिवस येऊन राहतेस का? मामीची मेथी बघण्यासारखी झालीय. आणि तुला एक गंमत दाखवायचीय.” मी म्हटलं, “मामा, या महिन्यात नाही रे जमत, कामाचा डोंगर आहे.” “बरं,” म्हणाला आणि ठेवला. संध्याकाळी पुन्हा फोन वाजला. माझ्याकडे सव्वापाच झाले होते, म्हणजे त्याच्याकडे सव्वासात. फोन मामाचा आहे हेही मला कळलं आणि तो काय विचारणार हेही. तो सगळं दोनदा विचारायचा. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी सव्वासातला तेच पुन्हा. माझं उत्तर बदललं नव्हतं, दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी भाजी चिरत राहिले आणि फोन वाजू दिला... आता त्या कंटाळ्याची मला लाज वाटते.

सव्वासातच का, हे सांगायचं तर ऐंशीच्या दशकात मागे जावं लागेल. मी पुण्याहून ह्यूस्टनला एम.एस. करायला गेले आणि पहिली अडीच वर्षं मामाच्या घरीच राहिले. मामा तेव्हा चाळिशीच्या मध्यावर होता. त्याचं काम माती तपासण्याचं. कुठेही घर, पूल, गोदाम बांधायचं असलं की आधी हा जाऊन जमिनीत नळी ठोकायचा आणि खालची माती वर काढायचा. ह्यूस्टनची माती काळी, चिकट, पाण्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी, अगदी विदर्भातल्यासारखी, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तिच्याशी त्याचं जमलं. एकाच खड्ड्यातून तो नेहमी दोन नमुने काढायचा, आणि दोन वेगवेगळ्या माणसांना तपासायला द्यायचा. दोघांचे आकडे जुळले तर मामा थोडा हिरमुसायचा. जुळले नाहीत की त्याचे डोळे लकाकायचे. “आता खरं काय ते शोधायला मजा येईल,” म्हणायचा, आणि जेवण टेबलावर गार होत राहायचं.

हाच किडा त्याच्या डोक्यात चोवीस तास वळवळत असे. पोस्टमनला त्याचा रस्ता कोणी आखून दिला, सार्वजनिक पोहण्याच्या तलावातलं पाणी कधी बदलतात, शेजारच्या चर्चच्या पाटीवरची अक्षरं दर आठवड्याला कोण बदलतं, हे सगळं त्याला माहीत असायचं, कारण त्याने त्या त्या माणसाला थांबवून विचारलेलं असायचं. माझी आई त्याला लहानपणापासून भोचक म्हणायची. अमेरिकन लोकांना मात्र त्याचा राग यायचा नाही. ‘मोरेश्वर’ त्यांना झेपायचं नाही म्हणून ते त्याला ‘मो’ म्हणायचे, आणि मोने विचारलं की काम थांबवून सांगायचे.

तर असा हा मामा आणि सुलभामामी मी तिथे असतानाच अमेरिकेचे नागरिक झाले, आणि पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. मतदाराचं कार्ड पोस्टाने आलं त्या दिवशी मामाने ते खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. मग आपल्या पसंतीच्या पक्षाच्या स्थानिक ऑफिसातून नियमांची पुस्तिका आणली, आणि ती वाचता वाचता एकदम उठून उभा राहिला. “अरे, हे राज्य दोनदा विचारतं!” त्याला लागलेला शोध असा होता. खरी निवडणूक नोव्हेंबरात. पण पक्षाचा उमेदवार कोण असावा हे आधी राज्याराज्यांतून ठरतं. काही राज्यांत त्यासाठी नुसतं मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. पडद्याआड जायचं, खूण करायची, घरी यायचं. काही राज्यांत कॉकस, म्हणजे वस्तीतल्या लोकांची सभा. तिथे चारचौघांत आपल्या उमेदवाराच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. टेक्सासात त्या पक्षाने दोन्ही ठेवलं होतं, आणि तेही एकाच दिवशी. दिवसभर मतदान, सात वाजता ते बंद, आणि सव्वासातला त्याच जागी सभा. सभेला यायचं तर कार्डावर दिवसा मत दिल्याचा शिक्का हवा. उमेदवार निवडायला पाठवायचे राज्याचे थोडे प्रतिनिधी दिवसाच्या मतांवरून ठरणार, थोडे संध्याकाळच्या सभांवरून. म्हणजे त्याच माणसांना, तोच प्रश्न, एकाच दिवसात दोनदा.

“पण का?” मामाने पुढचे दोन महिने भेटेल त्याला विचारलं. कोणालाच धड सांगता येईना. मराठी मंडळींत तर त्याची टिंगलच झाली. एका जेवणावळीत मुंबईचे एक काका म्हणाले, “मोरू यार, एकदा व्होट केलं, विषय संपला. त्या कॉकसला जाऊन टाइम वेस्ट कशाला करतोस?” मामा म्हणाला, “एका खड्ड्यातले दोन नमुने आहेत हो. जुळले नाहीत तर?” काकांनी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं आणि विषय बदलला.

मामाला नुसतं बघायचं नव्हतं. त्याला आत जायचं होतं. वस्तीच्या सभेतून काही जण निवडले जातात आणि पुढे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोठ्या सभेला प्रतिनिधी म्हणून जातात, हे पुस्तिकेत वाचल्यापासून त्याला ते व्हायचंच होतं. इतक्या वर्षांत त्या देशाने त्याला पगार दिला, घर दिलं, पण कुठल्या खोलीत बसवून ‘तुझं काय म्हणणं आहे’ असं विचारलं नव्हतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं, गाडीत, समोर बघत. त्यासाठी त्याने एका जाड कार्डावर भाषण लिहून काढलं, जेमतेम दोन मिनिटांचं, इंग्रजीत. दाढी करताना तो ते आरशाला म्हणून दाखवायचा आणि मी बाहेरून उच्चार सुधारायचे. भाषण छान होतं. माती दोनदा तपासतात तसं माणसांनाही दोनदा विचारावं, आणि आम्ही नवीन आलेले लोक या मातीत किती खोल गेलो आहोत तेही कोणीतरी तपासून बघावं, असं काहीसं. सुरुवात होती, “तुम्ही सगळे इतका आग्रह करताय म्हणून मी ही जबाबदारी घेतो.” त्या वाक्यात मला काहीच खटकलं नाही. आमच्यापैकी कोणालाही खटकलं नसतं. आदल्याच वर्षी मामा मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला होता तो याच पद्धतीने. नाव सुचवल्यावर त्याने छातीवर हात ठेवून “छे छे, माझ्यापेक्षा वडीलधारे आहेत” म्हटलं, लोकांनी पुन्हा धरलं, त्याने पुन्हा नको म्हटलं, तिसऱ्यांदा सगळ्यांनी गलका केला आणि मग त्याने नारळ हातात घेतला. अध्यक्ष व्हायची ज्याला सगळ्यात जास्त हौस, तोच सगळ्यात जोरात नको म्हणायचा. ती रीतच होती.

मतदान मार्चमधल्या एका मंगळवारी होतं. मामाने कामावर जाण्याआधीच मत दिलं. मामीने दुपारी दिलं, आणि तिला कुठे जायचीही गरज नव्हती, कारण मतदान केंद्र होतं प्राथमिक शाळेच्या जेवणघरात आणि मामी त्याच जेवणघरात मुलांना वाढायचं काम करायची. नागपूरला होम सायन्सची पदवी घेतलेली मामी केसांवर जाळी लावून रोज पोरांच्या ताटात वाटाणे आणि मक्याचा पाव वाढायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तिथे ती ‘मिस सुलू’ होती. संध्याकाळी केतकीला शेजारी ठेवून आम्ही तिघं निघालो. मी नागरिक नव्हते, मला मत नव्हतं, पण बघायला येऊ द्यायचे. मामाने तपकिरी कोट घातला होता. वरच्या खिशात कार्ड. दर पाच मिनिटांनी तो ते चाचपून बघत होता.

जेवणघरात बुटकी टेबलं आणि त्यांना जोडलेली बुटकी स्टुलं होती. मोठी माणसं त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वाफवलेल्या वाटाण्यांचा वास अजून गेला नव्हता. साधारण चाळीसेक माणसं असतील. मामा दारातच सगळ्यांना मोजत होता. मतदान बंद झालं, पेट्या उचलून नेल्या, आणि बरोबर सव्वासातला मिसेस हॉलोवे नावाच्या निवृत्त ग्रंथपालबाईंनी टेबलावर चमचा आपटून सभा सुरू केली. सगळ्यांनी कार्डावरचे शिक्के दाखवले, तक्त्यात नाव लिहिलं, नावापुढे आपला उमेदवार लिहिला. मग बाई म्हणाल्या, आता आपापल्या बाजूला जा. उमेदवारांची नावं मी इथे लिहीत नाही. आमच्या घरातही पुढे त्यांना ‘ह्यांचा’ आणि ‘हिचा’ असंच म्हणत. कारण झालं असं, की मामा दुधाच्या फ्रीजजवळच्या कोपऱ्यात गेला, मागून मामी येतेय असं समजून त्याने तिच्यासाठी जागा केली, आणि वळून बघतो तर मामी सरळ समोर चालत गेलेली. तिकडे स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मोठा घोळका होता. त्यातल्या रुबीने, मामीबरोबर वाढपाचं काम करणाऱ्या बाईने, हात पसरून तिला आत ओढून घेतलं. मामाचा चेहरा मला अजून दिसतो. एकाच खड्ड्यातून काढलेल्या मातीने वेगळाच आकडा दाखवावा तसा तो बघत होता.

मामाच्या कोपऱ्यात सहाच माणसं होती. तेवढ्यांना काउंटीच्या सभेसाठी एक जागा मिळत होती. मिसेस हॉलोवे पाटीवर कागद लावून त्यांच्यापाशी आल्या. महिनाभर मामा त्यांना नियमांबद्दल फोन करून भंडावत होता, त्यामुळे त्या थेट त्याच्याकडेच वळल्या. “मो, तू जाशील का? नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.” मामाने उजवा हात छातीवर ठेवला, त्याच खिशावर जिथे कार्ड होतं, आणि मान झुकवून हसत म्हणाला, “ओ नो, नो. समवन मोअर सीनियर शुड गो.”

“शुअर?” बाई म्हणाल्या. “ओके, हनी.” आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. घरं विकण्याचा धंदा करणारी, लाल जाकिटातली एक तरुण बाई म्हणाली, “मी जाते.” बाईंनी तिचं नाव लिहिलं. झालं. या सगळ्याला दहा सेकंदंही लागली नसतील. मामाचा हात छातीवरच होता. तो दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता, आणि मीही भिंतीला टेकून त्याचीच वाट बघत होते. मग समोरच्या घोळक्यातून टाळ्या ऐकू आल्या. त्यांना बऱ्याच जागा मिळाल्या होत्या, रुबीने विचारलं होतं “सुलू, यू?” आणि मामीने तिथल्या तिथे हात वर केला होता.

परतताना गाडी सुरू करण्याआधी मामाने खिशातलं कार्ड एकदा चाचपलं. मग मामा म्हणाला, “मला जायचं होतं गं.” त्याचा आवाज ऐकून मला रडू आलं, आणि आमच्या त्या छातीवर हात ठेवून नको म्हणण्याच्या रीतीचा प्रचंड राग आला. मामी म्हणाली, “मग हो म्हणायचं. रोज तीनशे पोरं माझ्यासमोरून जातात. वाटाणे हवेत का, एकदा विचारायचं. नाही म्हटलं की पुढचा. इथे कोणी कोणाला आग्रह करत नाही, अहो. ते त्यांच्यात वाईट दिसतं.” घर आल्यावर इंजिन बंद करून मामा म्हणाला, “पण तू तिकडे कधीपासून? मला बोलली नाहीस.” मामी शांतपणे म्हणाली, “तुम्ही विचारलंत का? पोस्टमनला विचारलंत, चर्चवाल्याला विचारलंत, हिच्या प्रोफेसरना विचारलंत. मला एकदाही विचारलं नाही. रुबीने विचारलं.”

मला वाटतं, त्या संध्याकाळी मामाला प्रतिनिधी न होण्यापेक्षा हे जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा तो मामीसमोर वही घेऊन बसला होता, आणि तिचा उमेदवार तिला का आवडतो ते खरोखर ऐकत होता. मामी पोळ्या लाटता लाटता सांगत होती. त्याला बरंचसं पटत नव्हतं. तरी लिहून घेत होता. त्याच सकाळच्या पेपरात राज्याचे आकडेही होते. दिवसाच्या मतदानात एक उमेदवार पुढे होता, आणि संध्याकाळच्या सभांची मोजणी हळूहळू येत होती तिच्यात दुसराच. तेच राज्य, तोच मंगळवार. मामाला आदल्या दिवसाचा विसर पडावा इतका आनंद झाला.

पुढचे कित्येक महिने तो याच्या मागे होता. वस्तीत घरोघर जाऊन विचारायचा, दिवसा आलात तर सव्वासातला का नाही आलात? कोणाची रात्रपाळी होती, कोणाला मुलं सांभाळायला माणूस नव्हतं, एका म्हाताऱ्या बाईंना अंधारात गाडी चालवता येत नव्हती. एकाने सांगितलं, माझा साहेब त्याच सभेत असतो, त्याच्यासमोर मी कुठल्या कोपऱ्यात उभा राहू? उलट रुबीसारख्या बायका होत्या, ज्यांना पडद्याआड एकटीने खूण करण्यापेक्षा आपल्या माणसांत उभं राहिलं की धीर यायचा. मामाला आधी वाटलं होतं की दोन निकालांतला एक खरा असणार आणि एक चुकीचा. शेवटी तो म्हणाला, “दोन्ही खरे आहेत. एकटा असताना माणूस एक असतो आणि माणसांत दुसरा. विचारणाऱ्याने दोघांनाही विचारायला हवं.” यावर मामी म्हणाली, “हे कळायला घरोघर फिरावं लागलं होय?”

काउंटीच्या सभेला मामी प्रतिनिधी म्हणून गेली. मामाने तिला गाडीने नेलं आणि तो पाहुण्यांच्या बाकावर डबा घेऊन बसला. जायच्या आदल्या दिवशी त्याने कोटाच्या खिशातून ते कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं होतं. “वाया कशाला घालवायचं,” म्हणाला. मामीने ते वाचलं, निळ्या पेनाने पहिली ओळ खोडली, आणि बाकीचं तसंच ठेवलं. तिथे नवीन प्रतिनिधींना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मिस सुलू उठली आणि मातीचं ते भाषण तिने तिच्या नागपुरी इंग्रजीत, न अडखळता, वाचून दाखवलं. मामा बाकावर बसून ओठ हलवत होता. नंतर ते कार्ड त्याने पुन्हा कोटाच्या खिशात ठेवलं. त्या दिवसाइतका खूश मी त्याला नंतर फक्त केतकीच्या लग्नात पाहिला.

त्याची ती सवय तेव्हापासूनची. एकदा विचारून मिळालेल्या उत्तरावर त्याने पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. सकाळी विचारलेलं सव्वासातला पुन्हा विचारायचं, आणि उत्तर बदललं तर कारण विचारायचं. केतकी लहानपणी वैतागून ओरडायची, “बाबा, आय ऑलरेडी टोल्ड यू!” तो म्हणायचा, “ती प्रायमरी होती, आता कॉकस.” स्वतःला मात्र कोणी काही देऊ केलं की तो पहिल्या फटक्यात हो म्हणायला लागला होता, पाहुणचाराला गेल्यावर मराठी घरांतून लोक चकित व्हायचे. मला अ‍ॅरिझोनात नोकरी लागली तेव्हा त्याने सकाळी विचारलं, जायचंय का? मी म्हटलं नाही, आई काळजी करेल, इथेच काहीतरी बघते. संध्याकाळी अंगणातल्या खुर्चीवर त्याने पुन्हा विचारलं, आणि माझ्या तोंडून हो निघालं. सकाळी मी आईची मुलगी म्हणून उत्तर दिलं होतं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर माझं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं... आणि ज्याने मला असं दोनदा विचारलं, त्याचा दुसरा फोन मी वाजू दिला.

अंत्यविधीनंतर मामाचं घर हळूहळू रिकामं झालं. पाचव्या दिवशी केतकी तिच्या मुलांना घेऊन गेली. माझं तिकीट दुसऱ्या दिवशीचं होतं. त्याच सकाळी नाश्त्याला मामी म्हणाली, “राहतेस का आठ दिवस?” मी म्हटलं, “मामी, मंगळवारी मीटिंग आहे गं, बघू, पुढच्या महिन्यात येते.” तिने मान डोलावली आणि बशा उचलल्या. मामी एकदाच विचारते. नाही म्हटलं की पुढचा.

दिवसभर मी तिला मामाचे कागद लावायला मदत केली. मातीचे तक्ते, नकाशे, चाळीस वर्षांच्या वह्या. मामाला दाखवायची होती ती गंमत मात्र फ्रीजवरच निघाली. तिथे चुंबकाखाली दोन कार्डं लावलेली होती, एक शिक्का पडलेलं मतदाराचं, आणि एक पिवळं पडलेलं, भाषणाचं, पहिल्या ओळीवर मामीची निळी रेघ. “कोटाच्या अस्तरात सापडलं त्यांना, मागच्या महिन्यात,” मामी म्हणाली. “तुला दाखवायचं म्हणून नाचत होते. तू नाही म्हणालीस तरी म्हणाले, थांब, संध्याकाळी पुन्हा विचारतो.” मी तिला सांगितलं की तो फोन मी मुद्दाम उचलला नाही. मामीने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि परसातून मेथीच्या जुड्या आणायला गेली.

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. मामाची खुर्ची खिडकीकडे, जिथे असते तिथे. ओव्हनवरच्या घड्याळात सात वाजून बारा मिनिटं झाली, तेरा झाली, आणि मी नकळत कान टवकारून बसले होते. चौदा झाली. पंधरा झाली. कोणी काही विचारलं नाही, आणि आता कोणी विचारणारही नव्हतं, हे मला तेव्हा, त्या मिनिटाला, खरं कळलं. मी हातातली काडी खाली ठेवली.

“मामी, सकाळी तू मला काहीतरी विचारलं होतंस.”

“हो. मग?”

“पुन्हा विचार.”

मामीने मान वर केली. आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्या खुर्चीकडे. पदराला हात पुसले, आणि तिच्या स्वभावात नसलेली गोष्ट जरा अडखळत केली.

“राहतेस का गं, आठ दिवस?”

“हो,” मी म्हणाले.